पात्र आणि पात्रता : ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांतील पात्रनिर्मिती व कौशल्यप्रगती यांची चिकित्सा

गोषवारा

ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळ हा विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेला एक नवा कलाप्रकार होय. त्यात खेळाडू प्रथम स्वतःचे पात्र निर्माण करतो आणि नंतर दीर्घकाळ त्या पात्राची कौशल्ये वाढवितो. प्रस्तुत लेखात 'अल्टिमा ऑनलाइन', 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आणि 'ईव्ह ऑनलाइन' या तीन खेळांतील पात्ररचनेची तुलनात्मक चिकित्सा केली आहे. जन्मजात गुण, कृतीतून येणारे कौशल्य, निवडीचे स्वातंत्र्य आणि काळाचे मूल्य या चार अंगांनी ही चिकित्सा केली असून, प्रगतीची विक्री सुरू झाल्यावर या कलाप्रकाराच्या मूळ तत्त्वाला कोणती बाधा पोहोचते याचा विचार मांडला आहे.

बीजशब्द : पात्रनिर्मिती, कौशल्यप्रगती, निवड, काळ, पात्रता

प्रास्ताविक

मराठीत 'पात्र' या शब्दाला अनेक अर्थ आहेत. पात्र म्हणजे भांडे, पात्र म्हणजे नाटक-कादंबरीतील व्यक्ती, आणि विशेषण म्हणून पात्र म्हणजे योग्य. याच शेवटच्या अर्थापासून 'पात्रता' हा शब्द सिद्ध होतो. नदीलाही पात्र असते. मात्र भांडे आधी घडते व नंतर भरले जाते, तर नदीचे पात्र तिच्या प्रवाहानेच घडत जाते. ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांच्या रचनेतील मूलभूत वाद या अर्थभेदात सामावलेला आहे. खेळाडूचे पात्र आरंभीच निश्चित व्हावे, की त्याच्या वर्तनातून क्रमाने घडावे? आणि त्याची पात्रता कशाने ठरावी : जन्माने, कृतीने, व्यतीत केलेल्या काळाने, की मोजलेल्या पैशाने?

साहित्यसमीक्षेत पात्रचित्रणाचा विचार दीर्घकाळ होत आला आहे. संस्कृत नाट्यशास्त्राच्या परंपरेने नायकाचे धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित आणि धीरप्रशांत असे प्रकार मानले. आधुनिक कादंबरीने अशा ठोकळेबाज वर्गीकरणापेक्षा व्यक्तीच्या घडणीला महत्त्व दिले. खेळांच्या क्षेत्रातही असाच प्रवास दिसतो. फरक एवढाच की येथे पात्राचा कर्ता व भोक्ता एकच असतो, आणि ज्या नियमांनी पात्र घडते ते नियम अंकांत मांडलेले असतात. त्यामुळे या अंकांची चिकित्सा ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही. मनुष्याच्या क्षमतेविषयी रचनाकाराने कोणती भूमिका घेतली आहे, हे त्या अंकांतून कळते.

जन्माचा वारसा

या परंपरेचे मूळ १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर खेळल्या जाणाऱ्या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. त्यात पात्राचे सामर्थ्य, बुद्धी, चापल्य इत्यादी सहा गुण फासे टाकून ठरत. पात्राने योद्धा, मांत्रिक किंवा धर्मोपदेशक यांपैकी एक वर्ग स्वीकारावयाचा आणि पराक्रमानुसार एकेक पातळी वर चढावयाचे, ही चौकट तेथेच सिद्ध झाली. त्याच खेळात मानवेतर वंशांना प्रगतीची मर्यादाही घालण्यात आली होती. बुटका 'हाफलिंग' योद्धा कितीही पराक्रमी ठरला तरी त्याला चौथ्या पातळीपलीकडे जाता येत नसे. मानवी पात्रावर मात्र असे बंधन नव्हते.

वंशानुसार घातलेली ही कमाल मर्यादा २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. वंशागणिक ठरलेली गुणवृद्धी त्यानंतरही दोन दशके टिकली. २०२० च्या एका पूरक ग्रंथाने ती ऐच्छिक केली आणि २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात गुणवृद्धीचा संबंध वंशाऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडण्यात आला. जन्मावरून क्षमता ठरविण्याचा विचार खेळाच्या नियमांतूनही सहजासहजी जात नाही, हे या पन्नास वर्षांच्या वाटचालीवरून स्पष्ट होते. जन्म आणि गुण यांच्या संबंधाविषयीचा प्रखर वाद ज्या समाजाने अनुभवला आहे, त्या महाराष्ट्रातील अभ्यासकाला या बदलाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

संगणकांच्या जाळ्यावर अनेकांनी एकत्र खेळावयाच्या आरंभीच्या खेळांपैकी एक म्हणजे १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी रचलेला 'मड' हा शब्दाधारित खेळ होय. बार्टल यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात खेळाडूंचे चार प्रकार मानले : सिद्धी मिळविणारे, शोध घेणारे, स्नेहसंबंध जोडणारे आणि इतरांवर मात करणारे. कौशल्यप्रगतीची रचना पहिल्या प्रकारच्या खेळाडूला अनुकूल असते. तथापि तिचे परिणाम चौघांनाही भोगावे लागतात, हा मुद्दा पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

कृतीतून कौशल्य : अल्टिमा ऑनलाइन

सप्टेंबर १९९७ मध्ये आलेल्या 'अल्टिमा ऑनलाइन'ने वर्ग आणि पातळी या दोन्ही संकल्पना नाकारल्या. पात्र निर्माण करताना खेळाडूने सामर्थ्य, चापल्य व बुद्धी या तीन गुणांत अंक वाटावयाचे, काही आरंभीची कौशल्ये निवडावयाची आणि जगात उतरावयाचे. पुढे जो जे करील त्यात तो निपुण होईल, असे साधे तत्त्व होते. लाकूड तोडणाऱ्याचे लाकूडतोडीचे कौशल्य वाढे, लोहारकाम करणाऱ्याचे लोहारकामाचे. तलवारबाजी व मंत्रविद्या यांच्या जोडीला स्वयंपाक, मासेमारी, शिवणकाम, प्राण्यांना माणसाळविणे, इतकेच नव्हे तर भीक मागणे हेही स्वतंत्र कौशल्य होते. पात्राची उपाधी त्याच्या सर्वोच्च कौशल्यावरून ठरत असे. नाव कर्मावरून पडावे, ही कल्पना येथे नियमरूपाने साकार झाली.

या रचनेतील दुसरा महत्त्वाचा नियम मर्यादेचा होता. आरंभीच्या काळात एका कौशल्याची कमाल मर्यादा १०० आणि सर्व कौशल्यांच्या बेरजेची मर्यादा ७०० होती. म्हणजे एका पात्राला अधिकाधिक सात कौशल्यांत पूर्ण प्रावीण्य मिळविता येई. मर्यादा गाठल्यावर नवे शिकावयाचे तर जुने विसरावे लागे. परिणामी कोणीही सर्वज्ञ होऊ शकत नसे आणि योद्ध्याला लोहाराची गरज उरे. परस्परावलंबन निर्माण करणारी ही मर्यादा या खेळाची सर्वांत मोठी देणगी म्हणावी लागेल. तीमुळे स्नेहसंबंध जोडणाऱ्या खेळाडूलाही कौशल्यव्यवस्थेत स्थान मिळाले.

तथापि या रचनेत एक गंभीर दोष होता. कौशल्य कृतीने वाढते हे खरे. परंतु यंत्राला कृतीचा हेतू कळत नाही, केवळ आवृत्ती मोजता येते. तेव्हा खेळाडू एकच कृती शेकडो वेळा करू लागले, आणि पुढे ती कृती आपोआप करविणाऱ्या मॅक्रोंचा आश्रय घेऊ लागले. कोणालाही नको असलेली वस्तू केवळ कौशल्य वाढावे म्हणून तयार होऊ लागली. खरा कारागीर हजार वेळा तेच काम करतो, पण प्रत्येक वेळी त्याच्यासमोर वेगळे लाकूड, वेगळे गिऱ्हाईक आणि नासाडीचे भय असते. अल्टिमाच्या सुताराला यांपैकी फारसे काही नव्हते. अभ्यासाचे तत्त्व रचनाकारांनी बरोबर ओळखले, मात्र अभ्यास आणि घोकंपट्टी यांतील भेद करणारी मोजपट्टी त्यांना सापडली नाही. परीक्षापद्धतीशी ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांना हा दोष अपरिचित वाटू नये.

निवड की गणित : वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट

नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने नेमका उलट मार्ग धरला. आठ वंश, नऊ वर्ग आणि कमाल पातळी ६० अशी त्याची मूळ चौकट होती. वर्गाची निवड पहिल्याच पडद्यावर करावी लागे आणि ती पुढे बदलता येत नसे. या निर्णयातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. खेळाविषयी ज्या क्षणी खेळाडूला सर्वांत कमी माहिती असते, त्याच क्षणी त्याच्याकडून सर्वांत अपरिवर्तनीय निर्णय घेतला जातो. या अडचणीची जाणीव रचनाकारांना असावी, कारण वर्गाच्या आत निवडीचे दुसरे क्षेत्र त्यांनी खुले ठेवले होते. त्यालाच टॅलेंट ट्री म्हणत.

प्रत्येक वर्गाला तीन शाखा होत्या. दहाव्या पातळीपासून दर पातळीला एक याप्रमाणे साठाव्या पातळीपर्यंत ५१ गुण मिळत, आणि एका शाखेच्या टोकाला पोहोचण्यास ३१ गुण लागत. म्हणजे दोन शाखांची टोके एकाच वेळी गाठणे अशक्य होते. काहीतरी सोडल्याखेरीज काही मिळत नाही, हे येथेही मान्य केले होते. निर्णय चुकला तर खेळातील सोन्याची नाणी देऊन तो बदलता येई. पहिल्या बदलास एक नाणे लागे आणि पुढे हा दर पन्नास नाण्यांपर्यंत चढत जाई. चूक सुधारता येते, मात्र ती फुकट नसते, असा हा समंजस नियम होता.

प्रत्यक्षात काय घडले? खेळाडूंनी गणिते मांडली. प्रत्येक शाखेतील कोणता गुण किती परिणाम साधतो हे निश्चित झाले, आणि सर्वोत्तम ठरलेल्या मोजक्या मांडण्यांची सर्रास नक्कल होऊ लागली. निवडीची शेकडो स्थाने असूनही निवड उरली नाही. कारण दोन पर्यायांतील भेद जेव्हा केवळ टक्क्यांचा असतो, तेव्हा त्यांतील मोठा टक्का निवडणे ही आकडेमोड असते, निवड नव्हे. खरी निवड परस्परांशी न तोलता येणाऱ्या मूल्यांतच संभवते. हे ओळखून २०१२ मध्ये निर्मात्यांनी जुन्या शाखा काढून टाकल्या व दर पंधरा पातळ्यांनी तीनांपैकी एक अशी थोडकी, पण भिन्न स्वरूपाची निवड ठेवली. तर्काच्या दृष्टीने हा निर्णय निर्दोष होता. तरीही २०२२ मध्ये शाखांची रचना नव्या स्वरूपात परत आणावी लागली.

या पुनरागमनाचा अर्थ काय? दर पातळीला मिळणारा एक गुण परिणामाने क्षुल्लक असला तरी त्यातून पात्र हळूहळू घडत असल्याची प्रचीती येत होती. २०१२ च्या रचनेने निवडी अर्थपूर्ण केल्या, पण त्यांच्यामधील अंतर रिकामे केले. कादंबरीतील पात्र केवळ निर्णायक प्रसंगांनी उभे राहत नाही. दैनंदिन, किरकोळ वाटणाऱ्या तपशिलांचा त्यात मोठा वाटा असतो. खेळाच्या रचनेलाही हे लागू पडते असे दिसते.

याच खेळातील आणखी एक उदाहरण उद्बोधक आहे. चाचणीच्या काळात दीर्घकाळ सलग खेळणाऱ्याचा अनुभवगुणांचा वेग घटविण्याचा नियम करण्यात आला होता. खेळाडूंना तो शिक्षेसारखा वाटला. तेव्हा निर्मात्यांनी तोच नियम उलट भाषेत मांडला : विश्रांती घेऊन आलेल्याला दुप्पट गुण आणि इतरांना नेहमीचे. मूळ हिशेब फारसा न बदलता असंतोष मावळला. प्रगतीचे अंक हे केवळ माप नसून त्यांनाही एक वक्तृत्व असते, हे यावरून सिद्ध होते. या वक्तृत्वाचा उपयोग येथे खेळाडूला विश्रांती घ्यावयास लावण्यासाठी झाला. तोच उपयोग त्याला उठू न देण्यासाठीही करता येतो, ही गोष्ट समीक्षकाने नजरेआड करू नये.

काळाचे मूल्य : ईव्ह ऑनलाइन

आइसलँडमधील सीसीपी या संस्थेने मे २००३ मध्ये आणलेल्या 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये कौशल्यवृद्धीचा संबंध कृतीशी नव्हता आणि पराक्रमाशीही नव्हता. खेळाडूने कौशल्य निवडावयाचे. त्यानंतर ते प्रत्यक्ष काळाच्या गतीने वाढत राही, मग खेळाडू संगणकापुढे असो वा नसो. यामुळे घोकंपट्टीचा प्रश्नच उरला नाही. नोकरी करणारा गृहस्थ आणि दिवसरात्र मोकळा असणारा विद्यार्थी या बाबतीत समान पातळीवर आले.

आरंभी मात्र येथेही जन्माचा अडसर होता. पात्राची वंशशाखा त्याचे बुद्धी, स्मृती, आकलन आदी गुण ठरवी आणि त्या गुणांवर शिकण्याचा वेग अवलंबून असे. परिणामी 'अचुरा' या शाखेची निवड अनेक खेळाडू तिच्या कथेसाठी नव्हे, तर केवळ शिकण्यास अनुकूल अशा गुणांसाठी करीत. जन्माला लाभ जोडला की कथा मागे पडते आणि हिशेब पुढे येतो, याचे हे ठळक उदाहरण होय. २००९ मध्ये गुणांची फेरवाटणी करण्याची मुभा देण्यात आली. शिकण्याचा वेग वाढविण्यासाठीच शिकावयाची जी कौशल्ये होती, तीही डिसेंबर २०१० मध्ये रद्द झाली. नवागताने आधी कित्येक आठवडे शिकण्याची तयारीच शिकत बसावे, हा विपरीत प्रकार त्यामुळे थांबला.

ईव्हच्या रचनेतील खरे शहाणपण तिच्या वाढत्या मूल्यश्रेणीत आहे. सर्वांत सोप्या गटातील कौशल्याच्या पाच पायऱ्यांसाठी एकूण अनुक्रमे २५०, १,४१४, ८,०००, ४५,२५५ आणि २,५६,००० गुण लागतात. सामान्यतः प्रत्येक पायरीचा लाभ मात्र सारखाच असतो. म्हणजे पाचपैकी चार पायऱ्यांचा, अर्थात ८० टक्के लाभ एकूण काळाच्या १८ टक्क्यांहूनही कमी काळात मिळतो. उरलेल्या २० टक्क्यांसाठी ८२ टक्क्यांहून अधिक काळ द्यावा लागतो. दहा वर्षांचा अनुभवी खेळाडू नवागताच्या पुढे असतो, पण एखाद्या मर्यादित क्षेत्रात नवागत त्याच्या जवळ लवकर पोहोचू शकतो. ज्येष्ठतेचा मान राखूनही नवागताला स्थान देणारी ही व्यवस्था आहे.

२००१ मधील 'रूनस्केप'शी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. तेथे ९९ व्या पातळीस १,३०,३४,४३१ अनुभवगुण लागतात आणि ९२ व्या पातळीस ६५,१७,२५३. म्हणजे ९२ वी पातळी ही वस्तुतः अर्धी वाट होय. चढण दोन्हीकडे तीव्र आहे. परंतु ईव्हमध्ये ती चढण न चढताही खेळाचा बहुतांश अनुभव घेता येतो, तर रूनस्केपमध्ये शेवटचा अंक हेच प्रतिष्ठेचे चिन्ह बनते.

प्रगतीची विक्री

फेब्रुवारी २०१६ मध्ये ईव्हमध्ये एका पात्राचे कौशल्यगुण काढून दुसऱ्या पात्रात घालण्याची सोय झाली. पाच लक्ष गुणांची एक कुपी. ग्रहण करणाऱ्या पात्राकडे आधीच अधिक गुण असतील तर तिचा लाभ टप्प्याटप्प्याने घटत जाऊन आठ कोटींपलीकडे दीड लक्षावर येतो. तत्पूर्वी, २०१४ मध्ये, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने साठ डॉलर घेऊन एखादे पात्र थेट नव्वदाव्या पातळीवर नेण्याची सेवा सुरू केली होती.

या व्यवहाराच्या समर्थनार्थ दोन युक्तिवाद केले जातात. एक, ज्यांच्यापाशी वेळ नाही त्यांना मित्रांसमवेत खेळता यावे. दोन, ईव्हमधील गुण शून्यातून निर्माण होत नाहीत. कोणीतरी ते प्रथम काळ देऊन मिळविलेले असतात. दोन्ही युक्तिवाद विचारार्ह आहेत. परंतु वेळेच्या विषमतेवर ईव्हने २००३ मध्येच अधिक न्याय्य तोडगा काढला होता. काळ सर्वांसाठी समान गतीने चालतो, हेच त्या रचनेचे अधिष्ठान होते. काळ विक्रीयोग्य झाल्यावर ते अधिष्ठान राहिले नाही. दुसऱ्या युक्तिवादाविषयी असे म्हणता येईल की, पूर्वीही संपूर्ण पात्राचे अधिकृत हस्तांतर होऊ शकत असे. तथापि तेव्हा पात्राचा पूर्वेतिहास व लौकिक त्याच्यासोबतच जात असे. कुपीत इतिहास येत नाही, केवळ अंक येतो. कौशल्य आणि ते कमावणारी व्यक्ती यांची फारकत येथे प्रथमच पूर्ण झाली.

साठ डॉलरच्या व्यवहारातून तर आणखी एक कबुली मिळते. प्रवास टाळण्यासाठी मूल्य आकारणारा निर्माता, तो प्रवास टाळण्याजोगा आहे असेच सुचवीत असतो. शिवाय प्रवास कंटाळवाणा राहण्यात यापुढे त्याचा आर्थिक लाभ असतो. प्रत्येक निर्माता या मोहास बळी पडतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण रचनेतील हितसंबंध बदलतात एवढे निश्चित. समीक्षेने लक्ष ठेवावे ते याच ठिकाणी.

समारोप

वरील विवेचनावरून पात्ररचनेच्या तीन कसोट्या हाती येतात. पहिली, अपरिवर्तनीय निर्णय खेळाडूला पुरेसे ज्ञान झाल्यावरच मागावा. दुसरी, कौशल्य अर्थपूर्ण कृतीतून वाढावे. आवृत्तीची मोजणी म्हणजे कृतीचे मूल्यमापन नव्हे. तिसरी, ज्येष्ठांच्या श्रमाचा अवमान न करता नवागतास स्थान मिळावे. अल्टिमाचे तत्त्व या तिन्हींत सर्वांत उदात्त होते, पण त्याची मोजपट्टी चुकली. वॉरक्राफ्टने निवडीचा प्रश्न प्रामाणिकपणे पुनःपुन्हा हाताळला, परंतु वर्गाचे आरंभीचे बंधन कायम ठेवले. ईव्हने काळाचा न्याय साधला आणि पुढे तोच बाजारात आणला. तिन्ही कसोट्यांवर पूर्ण उतरणारी रचना यांत नाही.

असे असले तरी या खेळांची उपेक्षा करणे उचित ठरणार नाही. क्षमता जन्माने येते की अभ्यासाने, निवड कधी खरी असते, श्रम आणि काळ यांचे मोल कोणी ठरवावयाचे, हे प्रश्न साहित्य, समाजशास्त्र व शिक्षणशास्त्र यांचेही आहेत. महाविद्यालयात येणाऱ्या तरुणांपैकी अनेकांनी या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात वाचण्याआधी अशा खेळांच्या नियमांतून अनुभवलेली असतात. ती उत्तरे कोणती होती, हे अध्यापकांनी जाणून घेणे आवश्यक आहे. भांड्यासारखे भरले जाणारे पात्र आणि प्रवाहाने घडणारे पात्र यांतील भेद वर्गातील विद्यार्थ्यालाही तितकाच लागू आहे.